पंढरपूरची गाडी कुणाचीच चुकत नाही

संपादकांनी ‘मराठी कथेचा आढावा’ मागितला आहे. मी मात्र सवयीप्रमाणे कथा वाचणाऱ्याचा आढावा घेणार आहे. कथा लिहिणाऱ्यांवर प्रबंध झाले, चर्चासत्रं झाली, गौरवग्रंथ निघाले. नवख्याची कथा वाचून ‘अहो, हे काही पटलं नाही बुवा’ असं सांगणाऱ्या माणसाच्या वाट्याला तळटीपही आली नाही. चाळीस वर्षं मी त्याचं वकीलपत्र घेऊन बसलो आहे. यंदाही सुटका नाही.

हरिभाऊंचं ‘करमणूक’ (1890), का. र. मित्रांचं ‘मनोरंजन’ (1895) आणि त्याचा 1909 चा पहिला दिवाळी अंक, पुढे ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’, हा रस्ता सर्वांच्या पायाखालचा आहे. भरभर चालू. ना. सी. फडक्यांपाशी मात्र जरा थांबतो. 1931 मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून त्यांनी कितीतरी हौशी मंडळींना कथा ही शिकण्यासारखी गोष्ट आहे असा धीर दिला. पुढे तंत्रवादी म्हणून त्यांची यथेच्छ टिंगल झाली. त्यातली निम्मी मला मान्य आहे. पण फडक्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, वाचक पुस्तक मिटून उठून जाऊ शकतो. टिंगल करणाऱ्यांपैकी बरेचजण ते विसरले.

गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या नवकथेनं कथेच्या मानेवरचं ठरीव तंत्राचं जोखड काढलं, हे थोरच काम. तिच्यामागून आलेल्या नकलाकारांनी मात्र सोयीचा अर्थ घेतला. कळलं नाही तर दोष वाचकाचा. गंमत अशी की ज्या ‘सत्यकथे’चा दाखला देऊन हे चाले, तिथले श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे मुळात चिवट वाचक होते. हस्तलिखितावर पत्र लिहायचं, शंका काढायच्या, पुन्हा लिहायला लावायचं, ही त्यांची रीत सर्वश्रुत आहे. ‘पाडस’सारखा अनुवाद करणारा माणूस शब्दापाशी अडून बसणारच. 1982 मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडलं तेव्हा एक मासिक गेलं म्हणून सगळे हळहळले. माझ्या लेखी नवख्याला ‘मी इथं अडलो’ असं सांगणारं एक टेबल गेलं.

दुसरी शाळा व्यासपीठावरची. शंकर पाटील, मिरासदार आणि माडगूळकर गावोगाव कथा सांगत फिरले. सतरंजीवर बसलेला श्रोता पत्र पाठवत नाही. तो खोकतो, चुळबुळतो, रडणाऱ्या पोराचं निमित्त करून बाहेर जातो. इतका रोखठोक अभिप्राय कुठल्या परीक्षणात मिळणार? कथाकथनानं मराठी कथा बिघडवली, असं पालुपद आमचे काही विद्वान मित्र अजून आळवतात. रात्री दहा वाजता, वीज गेलेली असताना, पाचशे माणसं जागी ठेवून दाखवा म्हणावं, मग बोलू. गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’नं तर मेळाव्याच्या नावातच लेखकाशेजारी वाचकाला पाट मांडला. लेखक-वाचक मेळावा! असा मान मी दुसरीकडे क्वचितच पाहिला.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे. ऐंशीच्या दशकात काही वर्षं मिरजेत आमची कथाबैठक भरे. एका वाड्याच्या माडीवर, महिन्यातून एका रविवारी. तिला नाव नव्हतं, घटना नव्हती, अध्यक्ष तर नव्हताच. नियम तीन. कथा लेखकानं वाचायची नाही, दुसऱ्यानं वाचायची. कारण लेखकाचा आवाज कच्च्या जागा झाकून नेतो. चर्चा चालू असताना लेखकानं तोंड उघडायचं नाही. आणि जो ‘छान’ म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. पहिलं वर्षभर चहाला तोटा पडला नाही. दुसऱ्या वर्षी वर्गणी काढावी लागली, तेव्हा मी समजलो की बैठक रुळावर आली.

येणारी माणसं साहित्यिक नव्हती. दोन मास्तर, इस्पितळातल्या एक परिचारिका, सतारमेकर गल्लीतला एक कारागीर, रेल्वेतले एक निवृत्त गार्ड. कारागीर फार कमी बोलायचा. एकदा एका पोराची अगदी रेखीव कथा ऐकून तो म्हणाला, “तारा सगळ्या चढवल्यात. जवारी काढायची राहिलीय.” ज्यानं सतारीची घोडी घासताना पाहिली आहे, त्याला या वाक्याचा अर्थ सांगायला नको. सूर बरोबर असतो, पण तार बोलत नाही. कथेबद्दल इतकं नेमकं मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही.

गार्डमामांची गोष्ट मी दरवर्षी सांगतो, यंदाही सांगणार. बावीस-तेवीस वर्षांच्या एका मुलानं कथा आणली होती. आई पंढरपुरात अत्यवस्थ, मुलगा मिरज स्टेशनवर धावत येतो, गाडी डोळ्यांदेखत निघून जाते, आईची भेट चुकते. वाचणाऱ्याचा गळा दाटला. परिचारिकाबाईंनी डोळे पुसले. गार्डमामा मात्र शांतपणे म्हणाले, “पंढरपूरची गाडी कुणाचीच चुकत नाही.”

तेव्हा तो मार्ग नॅरोगेज होता. जुनी बार्शी लाइट, 1927 मध्ये मिरजेपर्यंत आलेली. अडीच फुटांचे रूळ, त्यावर रमतगमत जाणारी गाडी. “सुटलेली गाडी म्हातारी माणसंसुद्धा चालत येऊन धरतात,” मामा म्हणाले. “तुझा गडी तरणाबांड. त्याची गाडी चुकली नाही. त्यानं ती सोडली. का सोडली ते लिही.”

माडीवर कुणी बोलेना. नियम होता म्हणून नव्हे, त्या मुलाला खरोखरच शब्द फुटेना. तीन महिन्यांनी तो नवा खर्डा घेऊन आला. आता त्यात मुलगा फलाटावर उभा होता आणि डबे एकेक करून समोरून सरकत होते. आईशी वर्षापूर्वी झालेलं भांडण, न पाठवलेली मनिऑर्डर, तिच्यासमोर उभं राहण्याची भीती, सगळं त्या सरकत्या डब्यांत आलं. रडण्याचं एकही वाक्य उरलं नव्हतं. कथेचा कणा रेल्वेच्या माहितीतून सापडला, हे आमच्या सौंदर्यमीमांसकांना कसं पटावं?

माझ्यावरही असा प्रसाद झाला आहे. माझी एक कथा छापून आली. दोन परीक्षकांनी तिच्यातल्या ‘अस्तित्वविषयक जाणिवे’चं कौतुक केलं. मग पंधरा पैशांचं एक पोस्टकार्ड आलं, खेड्यातल्या एका बाईंचं, शाईच्या डागांसकट. “तुमच्या कथेतल्या बाईनं तव्यावर भाकरी टाकली आणि दारात जाऊन दोन पानं बोलत उभी राहिली. भाकरी करपली नाही का?” मी कथा काढून पाहिली. भाकरी करपलीच होती, मला वास आला नव्हता. अस्तित्वविषयक जाणीव तिथेच विझली. त्यानंतर कथेतली चूल पेटवली की ती विझेपर्यंत मी स्वयंपाकघर सोडत नाही.

पोस्टकार्डावर जागा थोडी असे, म्हणून माणूस मुद्द्याचं लिही. आज जागा अमर्याद आहे आणि मजकूर अंगठ्याएवढा. सकाळी सात वाजता कुणीतरी मोबाइलवर कथा पाठवतं आणि सातला दोन मिनिटं असताना लिहिल्यासारखी दाद सात वाजून एक मिनिटानं हजर, ‘अप्रतिम, निःशब्द!’ निःशब्द आहात तर गप्प बसा की. शुल्क घेणाऱ्या कार्यशाळांत दोन दिवसांत कथा ‘बांधायला’ शिकवतात. शेवटी सर्वांना प्रमाणपत्र मिळतं, गाडी कुणाचीच चुकत नाही. अलीकडच्या नवख्या कथांत मला गुण कमी दिसत नाहीत. भाषा ताजी आहे, अनुभव आमच्यापेक्षा रुंद आहेत. पण त्यांच्यावर पहिला हात फिरवणारा वाचक घरात नाही, माडीवर नाही, संपादकांच्या टेबलाशीही फारसा उरलेला नाही. स्तुतीनं फुगलेला लेखक पाचव्या कथेपाशी दमतो. सहावी येत नाही.

मिरजेचा तो वाडा आता पाडला आहे. पंढरपूरचा मार्गही ब्रॉडगेज झाला, आता ती गाडी खरोखर चुकते. गार्डमामा असते तर त्यांनी हेही त्या मुलाला दुरुस्त करायला सांगितलं असतं.

या अंकातही एखादं तरी अनोळखी नाव असेल. त्याची कथा वाचा. आवडली तर मनात ठेवा. अडखळलात तर संपादकांच्या पत्त्यावर चार ओळी लिहा. कुठं अडखळलात, एवढंच. पान क्रमांकासह.