भाकरीवरचा कुत्रा : बीड जिल्ह्यातील पाव शतकाचा मागोवा

डिसेंबर २००१ मध्ये केंद्र शासनाने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली श्वान जनननियंत्रण नियम लागू केले, तेव्हा कुत्र्यांची विभागणी पाळीव आणि भटके अशा दोनच वर्गांत करण्यात आली; पहिल्याची जबाबदारी मालकाची आणि दुसऱ्याची, म्हणजे त्याला पकडून निर्बीजीकरण व लसीकरण करून पूर्वीच्याच जागी सोडण्याची, स्थानिक स्वराज्य संस्थेची व प्राणिकल्याण संस्थांची, असे त्या नियमांचे सूत्र होते. हे सूत्र महानगरांच्या अनुभवातून बांधलेले असल्याने आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी यांसारख्या तालुक्यांतील वाड्या-वस्त्या आणि तांडे त्यात बसत नाहीत, कारण तेथील बहुसंख्य कुत्र्यांना नाव असते, रात्रीची भाकर मिळण्याचे एक-दोन ठरलेले दरवाजे असतात, राखणीचे काम असते, परंतु ज्याला कायदा मालक म्हणेल असा माणूस नसतो. या कुत्र्याने कुणाला चावा घेतला की तो भटका ठरतो आणि चोर भुंकून पळवला की तो घरचा ठरतो. गेल्या पाव शतकात बीड जिल्ह्यात कुत्र्यांच्या वर्तनाविषयी व त्यांच्या अन्नाविषयी जे प्रश्न उभे राहिले, त्यांच्या मुळाशी अन्न देणारा आणि जबाबदारी घेणारा यांची ही फारकत आहे.

अन्नाचा विचार येथे वर्तनाच्या आधी करावा लागतो. जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दसऱ्यानंतर कोयत्यावर, म्हणजे जोडीने ऊस तोडण्याच्या करारावर, पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. या पाच-सहा महिन्यांत गावात म्हातारी माणसे, थोडी मुले आणि कुत्री उरतात. दरवाजांना कुलपे लागली की ठरलेली भाकर थांबते आणि कुत्र्यांचे खाण्याचे क्षेत्र शेजारच्या वस्तीपर्यंत, कोंबड्यांच्या खुराड्यांपर्यंत व शेळ्यांच्या करडांपर्यंत पसरते. गावकरी ज्याला कुत्रे बिघडले असे म्हणतात, ते बऱ्याचदा हंगामी भुकेचे वर्तन असते. काही कुत्री टोळीबरोबर कारखान्यावर जातात आणि तेथे कोपीसमोर, म्हणजे चटयांच्या झोपडीसमोर, बैल व लहान मुले राखतात; अनोळखी कुत्र्यांच्या गर्दीत रोजची झुंज त्यांच्या वाट्याला येते, आणि परतीनंतर त्यांचा स्वभाव तापट झालेला आढळला तर त्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

अन्नाच्या दुसऱ्या स्रोताचा इतिहास गिधाडांशी जोडलेला आहे. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यामागे असल्याचे २००४ पर्यंत सिद्ध झाले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या जनावरांचा फडशा पाडणारे पक्षी गेल्यावर ते मांस कुत्र्यांच्या वाट्याला आले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने १९९२ ते २००६ या काळात देशातील कुत्र्यांची संख्या त्यामुळे किमान ५५ लाखांनी वाढली असावी आणि रेबीजने सुमारे ४७ हजार अधिक माणसे दगावली असावीत, असा अंदाज मांडला. हा अंदाज गणिती प्रतिमानावर उभा आहे, हे विसरता येत नाही. तथापि दुष्काळात जनावरे मोठ्या संख्येने मरणाऱ्या प्रदेशात कुत्र्यांचे कळप गावाबाहेर का जमतात आणि एकट्या माणसावर कळपाने का धावतात, याचे उत्तर त्यात सापडते. कळपाचे धाडस एकट्या कुत्र्यात नसते, आणि कळप जमतो तो अन्नापाशी.

चाव्यावरच्या उपचारांत मात्र या काळात निःसंशय सुधारणा झाली. मेंढीच्या मेंदूच्या ऊतींपासून तयार होणारी व पोटात टोचली जाणारी जुनी लस, जिच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती दोन पिढ्यांनी बाळगली, तिचा वापर भारतात २००४ च्या अखेरीस थांबला, आणि २००६ पासून पेशीसंवर्धित लस त्वचेच्या थरात अल्प मात्रेत देण्याची पद्धत रूढ होऊ लागल्याने सरकारी रुग्णालयांना कमी खर्चात अधिक रुग्णांना लस देता येऊ लागली. खोल जखमेत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे द्रावण, जखमेच्या आत व भोवती टोचावे लागते; लस शरीराला प्रतिकारासाठी तयार करीपर्यंतचे दिवस ते सांभाळते. त्याहीपूर्वीचा उपाय सर्वांत स्वस्त आहे : जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे. जखमेत मिरची किंवा चुना भरण्याचा रिवाज याच्या नेमका उलट जातो, कारण त्याने ऊतींना इजा होते आणि धुण्याची वेळ निघून जाते. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील अशा मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात होतात. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याची राष्ट्रीय कृतियोजना २८ सप्टेंबर २०२१ रोजी जाहीर झाली.

त्याच वर्षाच्या अखेरीस बीड जिल्ह्याचे नाव कुत्र्यांच्या संदर्भात जगभर पोहोचले, आणि तेही कुत्र्यांनी काही केले म्हणून नव्हे. माजलगाव तालुक्यातील लवूळ या गावात वानरे कुत्र्यांची पिले उचलून झाडांवर व घरांच्या छतांवर नेत होती आणि त्यांपैकी बरीच मरत होती. वानराचे पिलू कुत्र्यांनी मारल्याचा हा सूड आहे, अशी कथा पसरली. अडीचशे कुत्री मारली गेल्याचा आकडा वृत्तसंस्थांनी उचलला आणि परदेशी वर्तमानपत्रांनी त्याला टोळीयुद्धाचे रूप दिले. डिसेंबर २०२१ च्या तिसऱ्या आठवड्यात नागपूरहून आलेल्या वनविभागाच्या पथकाने दोन वानरे पकडली व जंगलात सोडण्यासाठी नागपूरकडे नेली, असे बीडचे वनाधिकारी सचिन कंद यांनी त्या वेळी सांगितले.

अडीचशे हा आकडा कोणत्याही मोजणीतून आलेला नव्हता, आणि एका गावात काही आठवड्यांत इतकी पिले असणेच अवघड वाटते. सूडाची कथा तर प्राणिवर्तनाच्या कसोटीवर टिकत नाही, कारण सूड घेण्यासाठी विशिष्ट अपराधी ओळखून त्याच्या संततीला दीर्घकाळ शोधावे लागते, आणि वानरे नेत होती ती हाती लागतील ती पिले. वानरांच्या कळपात दुसऱ्याचे पिलू उचलून घेण्याची, त्याला कुरवाळण्याची व त्याच्या अंगावरील उवा-गोचिडी वेचण्याची सवय सर्वज्ञात आहे. तीच सवय एखाद-दुसऱ्या वानरात भलत्या जातीच्या पिलाकडे वळली असावी, हे स्पष्टीकरण अधिक साधे आहे. वानराचे पिलू आईच्या पोटाला घट्ट धरून राहते, कुत्र्याच्या पिलाला तशी पकड नसते. त्यामुळे काही पिले उंचावरून पडली आणि काही दूध-पाण्यावाचून छतावरच मेली. म्हणजे लवूळमधील पिलांचा शेवट पुष्कळ अंशी भुकेने झाला, द्वेषाने नव्हे. ही गोष्ट त्या वेळच्या वार्तांकनातही होती, पण मथळ्यात बसण्याजोगी नव्हती. उघड्यावर, कोणाच्याही देखरेखीविना वाढणारी इतकी पिले त्या गावात होती कशी, हा प्रश्न तर विचारलाच गेला नाही. निर्बीजीकरणाचे नियम लागू होऊन तेव्हा बरोबर वीस वर्षे झाली होती.

पिलांचे पहिले आठवडे वर्तनाच्या दृष्टीनेही निर्णायक असतात. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळाला सामाजिकीकरणाचा काळ म्हणतात, म्हणजे ज्या काळात पिलू माणसे, मुले, जनावरे, वाहने व आवाज यांना भीतीविना स्वीकारायला शिकते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घ प्रयोगांनी हे प्रस्थापित केले. या काळात पिलाला पोत्यावर बांधून ठेवले, किंवा ‘तापट होईल’ म्हणून माणसांपासून मुद्दाम दूर ठेवले, तर मोठेपणी ते राखण करीत नाही, घाबरून चावते. शेतवस्तीवर दिवसभर साखळीला आणि रात्री मोकळा, हा रिवाज राखणीसाठी पडला, परंतु साखळीत पळून जाण्याचा मार्ग बंद झाल्याने कुत्र्याला अंगावर जाणे एवढा एकच उपाय उरतो. अन्नरक्षण, म्हणजे खाताना जवळ येणाऱ्यावर गुरगुरणे, हीदेखील भूक आणि स्पर्धा यांतून आलेली सवय आहे. थाळी ओढून घेऊन ती मोडत नाही, तर निश्चित वेळी व निश्चित जागी अन्न मिळाल्याने सैल होते.

कोणते वर्तन समस्या मानावे हे काळही ठरवतो. मराठवाड्यात आणि लगतच्या सोलापूर-सांगली पट्ट्यात जोपासलेला कारवानी हा लांब पायांचा, नजरेने शिकार हेरणारा कुत्रा, जो कर्नाटकात मुधोळ नावाने प्रसिद्ध झाला, सशामागे धावण्यासाठीच निवडला गेला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याचे हे कसब मालकाला गुन्हेगार ठरवू शकते, आणि पिढ्यान्‌पिढ्या धावण्यासाठी घडलेला प्राणी शहरी सदनिकेत कोंडला गेला की तो गाद्या फाडतो, अखंड भुंकतो, आणि मालक पशुवैद्याकडे औषध मागतो. भीती उलट दिशेनेही काम करते : अकोले परिसरात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारातील वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के भाग पाळीव-गावठी कुत्र्यांचा निघाला. २०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, त्या आठवड्यांत रात्रभर भुंकणारा कुत्रा कुणालाही उपद्रवी वाटला नसणार.

भाकरीवर वाढणारा कुत्रा कुपोषितच असतो, हा शहरी समज अर्धवट आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखवले की पिष्ट पचवणाऱ्या विकराचे जनुक लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक प्रतींत असते. माणसाच्या धान्याबरोबर कुत्राही बदलला आहे. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत उणीव पडते ती प्रथिनांची व कॅल्शियमची, आणि ती सर्वांत आधी पिलांना पाजणाऱ्या कुत्रीत दिसते. दूध, अंडे किंवा उकडलेले मांस यांनी ती भरून निघते. कांदा-लसणाचे कालवण मात्र अपायकारक, कारण त्यातील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात; द्राक्षे-मनुके मूत्रपिंडाला, चॉकलेट हृदयाला व मज्जासंस्थेला बाधते, आणि शिजवलेल्या हाडाच्या धारदार कपच्या आतडे चिरतात.

याहून गंभीर आणि कमी चर्चिलेला धोका बुरशीचा आहे. १९७४ च्या शरद ऋतूत अवकाळी पावसाने भिजलेला मका खाल्ल्याने गुजरात व राजस्थानच्या लगतच्या आदिवासी जिल्ह्यांत यकृतदाहाची साथ पसरली, ३९७ माणसे आजारी पडली व १०६ दगावली, आणि त्याच घरांतील कुत्रीही कावीळ व जलोदराने मेली. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष त्याला कारण होते. ते शिजवल्याने वा भाजल्याने नष्ट होत नाही. म्हणून बुरसटलेल्या पिठाची भाकर तव्यावरून निघाली तरी विषारीच राहते. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने बीड जिल्ह्यात पिके पाण्यात गेली, आणि भिजलेले धान्य माणसांनी खाण्याजोगे उरले नाही की ते जनावरांपुढे टाकण्याची सवय सर्वत्रच आहे. माणसाला नको ते कुत्र्याला चालते, ही समजूत १९७४ च्या साथीनंतर तरी टिकायला नको होती.

पिशवीबंद खाद्य या धोक्यातून मुक्त नाही. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत मेनू फूड्स या कंपनीने सहा कोटी डबे-पाकिटे परत मागवली, कारण चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेले होते. प्रथिनांची चाचणी नायट्रोजन मोजून होत असल्याने नायट्रोजनयुक्त मेलामाइन तेथे प्रथिन म्हणून खपले आणि कुत्र्यामांजरांच्या मूत्रपिंडात त्याचे खडे झाले. २०२०-२१ मध्ये अमेरिकेत स्पोर्टमिक्स या खाद्यातील अफ्लाटॉक्सिनमुळे ११० हून अधिक कुत्री मेल्याची नोंद झाली, जरी तेथे एक अब्ज भागांत २० भाग ही मर्यादा ठरवून दिलेली होती. भारतात २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळले; भारतीय मानक ब्यूरोचे कुत्र्यामांजरांच्या खाद्यासाठीचे मानक, आयएस ११९६८, दीर्घकाळ ऐच्छिकच राहिले. त्यामुळे तालुक्याच्या दुकानात मोठी पिशवी फोडून किलोवर सुटे विकले जाणारे खाद्य घेणाऱ्याला तुकडीक्रमांक, मुदत व उत्पादक यांपैकी काहीच हाती लागत नाही, आणि कुत्रा आजारी पडल्यास तक्रार कोठे करावी हेही उमगत नाही. अशा खाद्याच्या बाबतीत वास घेऊन पाहणे, ओल न लागणाऱ्या घट्ट डब्यात ठेवणे आणि थोड्याच दिवसांत संपेल इतकेच घेणे, एवढी दक्षता मालकाच्या आवाक्यात राहते.

मार्च २०२३ मध्ये जुने नियम रद्द होऊन नवे प्राणी जनननियंत्रण नियम आले आणि त्यांनी परिसरातील कुत्र्यांना सामुदायिक प्राणी म्हटले. मालक नसलेल्या पण अन्न मिळणाऱ्या कुत्र्याला प्रथमच काहीसे स्थान मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री, पिसाळलेली वा आक्रमक असल्याखेरीज, मूळ जागी सोडण्यास मुभा देतानाच अन्न देण्यासाठी जागा ठरवून देण्यास सांगितले, आणि ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून कुत्री हटवून ती तेथे पुन्हा न सोडण्याचे निर्देश दिले. वादविवाद सगळा हटवण्याच्या शब्दाभोवती फिरला. त्याच आदेशात आवाराला कुंपण घालण्याची आणि आवाराच्या स्वच्छतेसाठी जबाबदार अधिकारी नेमण्याची तरतूद आहे, तिची चर्चा फार थोडी झाली. वास्तविक माजलगाव, केज किंवा गेवराईच्या बसस्थानकासारख्या ठिकाणी खानावळींचे खरकटे आणि मांसविक्रीचे अवशेष जोवर उघड्यावर पडतात, तोवर हटवलेल्या कुत्र्याची जागा दुसरा, बहुधा लस न टोचलेला कुत्रा घेतो, आणि म्हणून त्या तरतुदींपैकी सर्वांत खर्चिक, सर्वांत कंटाळवाणी आणि उपयोगाची तरतूद स्वच्छतेची आहे.