कपाशीचा हिशेब आणि स्प्रेडशीट

कापूस विकून पट्टी हाती पडली म्हणजे शेतकऱ्याला पैसा दिसतो. परंतु बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि वेचणी यांचा खर्च वजा जाता शिल्लक काय राहिले, हे पुष्कळांना नेमके सांगता येत नाही. आर्वी तालुक्यात ओलिताची सोय असली की कपाशीची फरदड घेण्याचा मोह होतो. ती फायद्याची की तोट्याची, हे मात्र अंदाजावरच ठरते. हा हिशेब सोपा करणारे साधन म्हणजे स्प्रेडशीट होय. ते संगणकावर तसेच मोबाईलवरही वापरता येते.

स्प्रेडशीट म्हणजे आखलेल्या वहीसारखा तक्ता. त्यातील उभ्या रकान्यांना ए, बी, सी अशी अक्षरे असतात आणि आडव्या ओळींना १, २, ३ असे क्रमांक. रकाना व ओळ जेथे मिळतात त्या घराला सेल म्हणतात. रकान्याचे अक्षर आणि ओळीचा क्रमांक मिळून घराचा पत्ता होतो. जसे, सी रकान्यातील दुसरे घर म्हणजे सी२. घरात शब्द, आकडा किंवा सूत्र लिहिता येते. सूत्राचा आरंभ बरोबरच्या चिन्हाने करावा लागतो.

वही आणि हा तक्ता यांत खरा फरक सूत्राचाच आहे. वहीत एक आकडा बदलला की पुढील सर्व बेरजा खोडून पुन्हा कराव्या लागतात. फळ्यावर हिशेब मांडताना येणारी हीच अडचण पाहून अमेरिकेत डॅन ब्रिकलिन यांना या साधनाची कल्पना सुचली. त्यांनी व बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केलेली व्हिसिकॅल्क ही स्प्रेडशीट १९७९ मध्ये विक्रीस आली.

आता फरदडीचे उदाहरण घेऊ. पहिल्या ओळीत तारीख, काम, नग, दर व रक्कम असे मथळे ए ते ई या रकान्यांत लिहावेत. ई२ मध्ये =सी२*डी२ हे सूत्र घालावे. येथे फुलीऐवजी तारका हे गुणाकाराचे चिन्ह आहे. तेच सूत्र खाली ओढले असता पुढील ओळींत पत्ते आपोआप बदलतात. समजा, ओलिताच्या २ पाळ्या २५० रुपयांप्रमाणे, खताची १ गोणी ६०० रुपयांस, २ फवारण्या ७५० रुपयांप्रमाणे आणि ४० किलो कापसाची वेचणी १२ रुपये किलोने झाली. ई६ मध्ये =सम(ई२:ई५) असे लिहिताच एकूण खर्च ३,०८० रुपये येतो. सातव्या ओळीत ४० किलोची विक्री ७० रुपये दराने मांडली तर २,८०० रुपये होतात. ई८ मध्ये =ई७-ई६ लिहावे; उत्तर उणे २८० येते, म्हणजे तोटा. डी७ मध्ये दर ७५ केला तरी ८० रुपयांचा तोटा राहतो. दर ७७ झाला तेव्हा कोठे तोंडमिळवणी होते.

शिवाय फरदडीमुळे गुलाबी बोंडअळीला खाद्य मिळत राहते व पुढील हंगामात तिचा उपद्रव वाढतो. ते नुकसान या तक्त्यात दिसतही नाही. म्हणून डिसेंबरअखेर पीक संपवून पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावणेच श्रेयस्कर.

तक्ता भरताना थोडी दक्षता घ्यावी. नगाच्या घरात "४० किलो" असे न लिहिता केवळ आकडा लिहावा; शब्द मिसळल्यास गुणाकार होत नाही. आकडे इंग्रजी अंकांत टंकावेत. नवी ओळ वाढविल्यावर ती बेरजेत आली की नाही हे पाहावे. मुख्य गोष्ट ही की, जे लिहिले नाही ते संगणकास कळत नाही. घरच्या माणसांची मजुरी व घरचे शेणखत यांचीही नोंद हवी. नाही तर कागदावरचा फायदा फसवा ठरेल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रारंभी दोन-तीन शेतकऱ्यांजवळ बसून, त्यांच्याच पावत्यांवरून एका एकराचा तक्ता भरून दाखवावा. शेतकऱ्यांनीही पेरणीच्या दिवसापासून रोजची नोंद रोज करावी. पुढील हंगामात कपाशी, सोयाबीन की तूर, हे ठरविताना शेजाऱ्याच्या सांगण्यापेक्षा स्वतःच्या शेताचा हिशेब अधिक उपयोगी पडेल.