मुक्या रुग्णाची सेवा आणि सहकार्य

माणूस आजारी पडला म्हणजे आपले दुखणे वैद्यापुढे सांगतो. गाईला ते सांगता येत नाही. तिने वैरणीला तोंड लावले नाही, हे प्रथम धार काढणाऱ्याच्या ध्यानी येते. शेणाचा पालटलेला रंग गोठा झाडणाऱ्याला दिसतो. ताप किती आहे हे पशुवैद्य मोजतो आणि रक्तातील दोष प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली आढळतो. रोग एकच, परंतु त्याचे ज्ञान असे चौघांत विभागलेले असते. ते एकत्र आले नाही, तर चौघेही आपापल्या कामात निपुण असून जनावर हातचे जाते. म्हणूनच पशुसेवेत सहकार्य हे केवळ सौजन्य नव्हे. तो उपचाराचाच एक भाग होय.

याचे मोठे उदाहरण आपल्याच देशात घडले. बुळकांडी हा गाईम्हशींचा अत्यंत घातक विषाणुजन्य रोग होता. ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण आणि पुढे अतिसार होऊन जनावर थोड्याच दिवसांत दगावत असे. पशुरोगांच्या संशोधनासाठी १८८९ साली पुण्यात एक प्रयोगशाळा स्थापन झाली व पुढे ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथे जे. टी. एडवर्ड्‌स यांनी १९२० नंतरच्या दशकात हा विषाणू शेळ्यांमधून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केला व त्यापासून लस सिद्ध केली. १९५४ साली राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तेव्हा लस हाताशी होती. आता काम होते ते प्रयोगशाळेपासून गोठ्यापर्यंतची साखळी अखंड राखण्याचे.

ही साखळी फार नाजूक असते. वाटेत बर्फ वितळून लस तापली, तरी कुपी दिसावयास पूर्वीसारखीच राहते. सुई टोचली जाते, नोंदवहीत आकडा चढतो, शेतकरी निश्चिंत होतो. जनावर मात्र असुरक्षितच राहते. हा दोष ओळखण्याची संधी पुष्कळदा एकालाच असते, ती म्हणजे पेटी वाहून नेणाऱ्याला. पथकातील या सर्वांत कनिष्ठ माणसाला “थांबा, बर्फ वितळला आहे” असे वरिष्ठांना निःसंकोचपणे सांगता येते काय, यावर सबंध गावातील गुरांचे रक्षण अवलंबून असते.

असा निःसंकोचपणा उपदेशाने येत नाही. तो सरावाने येतो. आज लाळ्या-खुरकूत रोगाच्या लसीकरणात हा सराव करता येतो. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. ती तापता कामा नये, तशी गोठताही कामा नये. पथक निघण्यापूर्वी जनावर कोण धरील, लस कोण टोचील आणि कानातील बिल्ल्याचा क्रमांक कोण लिहील, हे ठरवावे. शिकताना हीच कामे आळीपाळीने करून पाहावीत. त्यावाचून दुसऱ्याची अडचण कळत नाही. एकाने क्रमांक वाचावा आणि लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणून दाखवावा. धरणाऱ्याने होकार दिल्याशिवाय सुई पुढे करू नये. म्हैस बुजरी आहे काय, लाथ मारते काय, हे मालकाला आधी विचारावे, कारण तोही पथकाचाच घटक आहे. सायंकाळी सर्वांनी थोडा वेळ एकत्र बसावे आणि कोणाचे चुकले याऐवजी काय चुकले याचा विचार करावा.

बुळकांडीविरुद्धच्या मोहिमेच्या अखेरच्या टप्प्यात तर लसीकरण थांबवून गावोगाव रोगाचा शोध घेण्यात आला. तेथे पशुपालकाने दिलेली खबर ही शास्त्रज्ञाच्या परीक्षेइतकीच मोलाची होती. भारतातील शेवटचा उद्रेक १९९५ साली झाला. २००६ साली देश रोगमुक्त ठरला आणि २०११ साली हा रोग साऱ्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर मानवाने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग होय. शास्त्राने लस दिली; ती गोठ्यापर्यंत सुरक्षित पोचविली ती मात्र एकमेकांचे ऐकून घेणाऱ्या माणसांनी.