कुलूप तुटत नाही, म्हणून फोन येतो

पाचशेची नोट घेऊन खिडकीपाशी जा आणि उजेडात जरा तिरकी करा. हिरवा दिसणारा धागा बघता बघता निळा होतो. आता दोन्ही कडांवरून बोट फिरवा. पाच तिरप्या रेषा बोटाला लागतात. दृष्टी नसलेल्या माणसालाही नोट ओळखता यावी म्हणून त्या उठावदार छापलेल्या असतात. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात आणि इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये टपाल तिकिटं, मुद्रांक आणि आपले पासपोर्ट. खरं कसं ओळखायचं, याची खूण कागदातच भरायची ही विद्या नाशिककरांच्या घराशेजारी शंभरेक वर्षं नांदते आहे.

या विद्येला सर्वांत मोठा हादरा दिला तो अब्दुल करीम तेलगीने. बनावट मुद्रांक त्याने देशभर विकले. पण त्यासाठी प्रेसची गुपितं घरी बसून शोधायच्या भानगडीत तो पडला नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेसमधूनच मोडीत निघालेली यंत्रं त्याने आतल्या माणसांना हाताशी धरून मिळवली. २००१ मध्ये तो अजमेरला पकडला गेला आणि २००७ मध्ये पुण्याच्या विशेष मोक्का न्यायालयाने त्याला शिक्षा सुनावली. कुलूप शाबूतच होतं. दार आतून उघडलं गेलं होतं.

आज तेच कुलूप आपल्या खिशात आहे. ओटीपीचे सहा आकडे घ्या. त्यांच्या दहा लाख जुळण्या होतात, त्यातली एकच खरी, तीही काही मिनिटांपुरती, आणि दोन-तीनदा चुकलं की व्यवहार अडतो. अंदाजाने ते उघडणं जवळजवळ अशक्य. मग चोर काय करतो? तुम्हाला फोन करतो. तो फोन येतो यातच केवढा दिलासा आहे पाहा: कुलूप त्याला तुटलेलं नाही. त्याला आतलं माणूस हवं आहे, आणि इथे आतलं माणूस म्हणजे तुम्ही.

आधारचा बारा आकडी नंबर तर आणखी नवलाचा. त्याचा शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांतून गणिताने निघतो. ही पद्धत डच गणितज्ञ याकोबस व्हर्हूफ यांनी १९६९ मध्ये मांडली. पंचकोन फिरवला किंवा उलटा केला तर काय होतं, या गणितावर ती उभी आहे. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे एकमेकांच्या जागी गेले, तर ही चूक हमखास पकडली जाते. पण नंबर बरोबर लिहिलाय एवढंच तो आकडा सांगतो. नंबर कोणाच्या हातात आहे हे नाही. म्हणून लॉजवर किंवा दुकानात झेरॉक्स देताना ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत, हे सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर अधूनमधून पाहा.

आता दार आतून उघडून घ्यायच्या युक्त्या ओळखू या. ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ असं कोणी म्हणालं, तर लक्षात ठेवा, यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून आलेली एपीके फाइल हे खरं तर ॲप असतं. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि ती दिली की ओटीपी परस्पर चोराकडे जातो. व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून कोणी ‘डिजिटल अटक’ केली असं बजावलं, तर अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच.

तरीही पैसे गेले, तर लाजू नका आणि थांबू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतात. वेळेत कळलं तर ते वाटेतच गोठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष बँकेचाही नाही आणि आपलाही नाही अशा फसवणुकीत कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला झळ बसत नाही. ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून एकेक मिनिट मोलाचं.

घरातल्या थोरामोठ्यांना एवढं एकच सांगा. बाजारात नोट उजेडाला धरून बघितली तर कोणी रागावत नाही. तसंच फोनवरच्या ‘साहेबां’नाही उजेडाला धरा: फोन ठेवा, पासबुकावरचा नंबर शोधून स्वतः लावा. खरे साहेब तेवढा वेळ थांबतात.