सभा, मेळावा आणि जमाव



माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले आणि त्याची फी जबर बसली. 1998 साली एका कारखान्यात संपाचा ठराव करावयाचा होता. सूचना मी लिहिली. ‘कामगारांचा भव्य मेळावा’ असे झोकात लिहिले. मैदान भरले, हात वर झाले, ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. पुढे कोर्टात मालकाच्या वकिलाने आमच्याच युनियनची घटना उघडून दाखविली : संपाचा निर्णय ‘सर्वसाधारण सभेत’ घ्यावा. मेळाव्याला ना सभासदांची हजेरी, ना गणसंख्या, ना इतिवृत्त. अकरा जणांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हापासून मी शब्दकोश उशाशी घेऊन निजतो.

मेळाव्याला जो येईल तो आपला. सभेला मात्र सभासद लागतो. शब्द फार जुना. अथर्ववेदात सभा आणि समिती या प्रजापतीच्या दोन मुली म्हटल्या आहेत. सभेत शोभेल तो ‘सभ्य’. हल्लीच्या काही सभा पाहिल्या म्हणजे हा शब्द कोठून आला यावर विश्वास बसत नाही, ते असो. बैठक हे सभेचे धाकटे भावंड. दहा-पंधरा माणसे, दार लोटलेले. बैठकीतले बाहेर बोलू नये, सभेतले बोलावेच. अधिवेशन म्हटले की प्रतिनिधी आले.

परिषद आणि समिती यांत काय अंतर, हे आपल्या प्रांताने अनुभवाने पाहिले आहे. 1946 साली संयुक्त महाराष्ट्र परिषद स्थापन झाली. विचारविनिमय, ठराव, निवेदने हे तिचे काम. पुढे 6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. निरनिराळे पक्ष एका नावाखाली लढ्यात उतरले. परिषदेत माणसे मत देतात, समितीवर जबाबदारी पडते.

मोर्चा हा तर लढाईतला शब्द. किल्ल्याला वेढा घालताना तोफा मांडून मोर्चे लावीत. ‘मोर्चेबांधणी’त तो अर्थ अजून शिल्लक आहे. आज तोफा गेल्या, फलक आले. परंतु त्याच माणसांना पोलीस ‘जमाव’ म्हणू लागले की सावध व्हावे. 1860 च्या दंडसंहितेत बेकायदेशीर जमावाला पाच माणसे पुरत, आणि 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही पाचच. उलट 1926 च्या कायद्याने युनियनच्या नोंदणीस निदान सात माणसे मागितली होती. म्हणजे गुन्ह्याला दोन माणसे कमी!

आता ‘संघ’ आणि ‘युनियन’. संघ हा बुद्धाच्या भिक्षूंपासून चालत आलेला शब्द, युनियन ही विलायतेहून आलेली; पण 1928 साली मुंबईत गिरणी कामगार युनियन निघाली आणि कामगाराने ती घरचीच करून टाकली. 1982 च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांमागे गेले. परंतु 1946 च्या कायद्यात ‘प्रतिनिधी युनियन’ असा एक शब्द होता आणि तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगार एकीकडे आणि बोलणी करण्याचा हक्क दुसरीकडे. त्या एका शब्दापायी किती चुली विझल्या, हे लालबाग-परळच्या माणसांना विचारावे.

खुद्द ‘संप’ शब्दाची गंमत सांगतो. आमच्या युनियनमधला एक गुजराती फिटर म्हणे, ‘घरात संप आहे’, आणि आम्ही घाबरून त्याच्या घरी बायकोची समजूत घालायला निघालो! गुजरातीत संप म्हणजे एकोपा. मराठीतही मूळ अर्थ तोच, एकजुटीचा. माणसे एक झाली की काम थांबते, म्हणून काम थांबण्यालाच आपण संप म्हणू लागलो. त्या फिटरने आम्हांला चहा पाजला आणि बायको आतून हसत होती.