विश्लेषण : अफवा मजकुरामुळे पसरते की माध्यमामुळे?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा व्हॉट्सॲपवर होती. मृत मात्र नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे होते.

देशभरातील अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात मर्यादा आणली : एक संदेश एका वेळी फक्त पाच चॅटना. संदेश खरा की खोटा, हे कंपनीने तपासले नाही. बदलले ते माध्यम.

याचा अभ्यासाशी काय संबंध?

मार्शल मॅकलुहान (१९११-१९८०) हे टोरांटो विद्यापीठातील इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. माध्यमातल्या मजकुरापेक्षा माध्यमच समाज अधिक बदलते, असे त्यांनी ‘अंडरस्टँडिंग मीडिया’त (१९६४) मांडले. उदाहरण विजेच्या दिव्याचे. दिवा कोणतीही बातमी देत नाही, तरी रात्रीचे सामने त्याच्यामुळेच होतात.

त्याआधी त्याच विद्यापीठातील अर्थ-इतिहासकार हॅरल्ड इनिस यांनी ‘एम्पायर अँड कम्युनिकेशन्स’मध्ये (१९५०) माध्यमाच्या वजनाचा विचार केला. दगडावरचा लेख शतकानुशतके टिकतो, पण जागचा हलत नाही. पपायरस किंवा कागद हलका, म्हणून दूरवरच्या प्रांतांचा कारभार त्यावर चालतो. या हिशेबाने फॉरवर्डला वजनच नाही. मूळ लिहिणाऱ्याचे नावही सोबत येत नाही. गावात निरोप घेऊन येणाऱ्याला निदान चार प्रश्न तरी विचारता यायचे! किती जणांनी पाहिले, हे आकडे मोजून ही बाजू दिसत नाही; तिथे साहित्य आणि इतिहासाची नजर लागते.

मग दोष फोनचाच?

इथे ब्रिटिश समीक्षक रेमंड विल्यम्स यांचा आक्षेप महत्त्वाचा, आणि तो जास्त पटणाराही आहे. तंत्रज्ञान आपोआप समाज घडवत नाही. ते कोणाच्या हाती, कोणत्या हेतूने येते हे पाहावे लागते, असे त्यांनी टेलिव्हिजनवरील पुस्तकात (१९७४) सांगितले.

फॉरवर्डची मर्यादा २०१९ मध्ये जगभर लागू झाली. वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी २०२० मध्ये ती एका चॅटवर आली. पण अनोळखी भटक्याकडे संशयाने पाहण्याची सवय मोबाइलच्या कितीतरी आधीची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. त्या जमाती कागदोपत्री त्यातून मुक्त झाल्या, त्या १९५२ मध्ये.