विश्लेषण : फुकटच्या सॉफ्टवेअरचे वीजबिल कोण भरणार?

जगभरातील सर्व्हरच्या सुरक्षेला हातभार लावणारा ‘ओपनबीएसडी’ प्रकल्प २०१४च्या जानेवारीत विजेच्या बिलापायी बंद पडण्याच्या बेतात होता. लोकवर्गणीने तो तरला. पण दरवेळी वर्गणीच धावून येईल का?

नेमके काय घडले होते?

ओपनबीएसडी ही ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे तिचा कोड कुणालाही पाहता, बदलता, वापरता येतो. कॅनडातील कॅल्गरी शहरात प्रकल्पाचे संस्थापक थिओ डी राट यांच्या घरी तिचे संगणक चालत. त्यांचे वीजबिल वर्षाला सुमारे २० हजार डॉलर. ते भागेना, तेव्हा मदतीची हाक देण्यात आली. रोमानियातील एका बिटकॉइन उद्योजकाने २० हजार डॉलर दिले. सामान्य वापरकर्त्यांच्या छोट्या देणग्यांचाही ओघ सुरू झाला.

इतके संगणक कशासाठी?

एकच कोड वेगवेगळ्या बनावटीच्या प्रोसेसरवर चालवून पाहिला, की एरवी लपून राहणाऱ्या चुका उघड होतात. जुनी यंत्रे सुरू ठेवणे हा हौसेचा नव्हे, तपासणीचा भाग होता.

आपला संबंध काय?

दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे काम करण्यासाठी जगभर वापरले जाणारे ‘ओपनएसएसएच’ १९९९ मध्ये याच प्रकल्पातून आले. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी असलेल्या ‘बायॉनिक’ लायब्ररीतही ओपनबीएसडीचा कोड आहे.

मग पैसा का नाही?

परवाना मोफत असल्याने कंपन्यांवर पैसे देण्याचे बंधन नाही. पूर्वी सीडी आणि टी-शर्टच्या विक्रीतून खर्च निघे. डाउनलोडच्या काळात सीडीची सद्दी संपली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ संस्थेचे अनुदान २००३ मध्ये, राट यांनी इराक युद्धावर टीका केल्यानंतर, थांबले. उरला आधार देणग्यांचा. त्या गोळा करण्यासाठी २००७ मध्ये स्वतंत्र फाउंडेशन स्थापन झाले.

वर्गणी पुरेशी आहे का?

संकटात ती धावून येते, पण देखभाल बारमाही असते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘ओपनएसएसएल’मध्ये ‘हार्टब्लीड’ ही गंभीर त्रुटी सापडली. निम्मे इंटरनेट ज्यावर विसंबून होते, त्या प्रकल्पाला थेट देणग्या मिळत होत्या वर्षाला जेमतेम २ हजार डॉलर! त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने बड्या कंपन्यांना एकत्र आणून निधी उभारला. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टही ओपनबीएसडी फाउंडेशनच्या मोठ्या देणगीदारांत आली.

भारतात काय स्थिती?

बेंगळूरुच्या ‘झेरोधा’ने २०२४ मध्ये ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला. जगभरातील ओपन सोर्स प्रकल्पांसाठी त्यात वर्षाला १० लाख डॉलरची तरतूद आहे.

थोडक्यात, कोड फुकट मिळतो; तो दुरुस्त ठेवणाऱ्याचे श्रम आणि वीज फुकट मिळत नाही. एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरमहा न चुकता येणारी छोटी रक्कम अशा प्रकल्पांना अधिक उपयोगी पडते, कारण तिच्या भरवशावर पुढच्या वर्षाचे नियोजन करता येते.